अनघाताई, ते वाक्य माझं होतं

अनघाताई,

ते वाक्य मी लिहिलं होतं. तुला ते माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. तरी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दर शनिवारी आपण दोघी एकाच गाडीतून मैदानावर जात राहिलो. मागच्या सीटवर बॉलची जाळी आणि सरावाच्या रंगीत बंड्यांची, बिब्जची, पिशवी असायची, आणि पुढे आपण दोघी वेगळ्याच कशाबद्दल तरी बोलत असायचो.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. तिथे मी उभी राहून बोलले. त्यानंतर जे झालं ते तुला सांगायचं आहे, पण त्याआधी पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे. मी मात्र ते सलग असं कधी कोणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

मी पहिल्यांदा तुला भेटले ती आईने ढकललं म्हणून. ठाण्याहून इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला पाच वर्षं झाली होती, मी एकोणीस वर्षांची होते, आणि शाळा संपल्यापासून घरात बसून होते. गणपतीत मंडळात कोणीतरी आईला सांगितलं, की ती अमेरिकेची मुलगी आपल्या मुलींना फुटबॉल शिकवणार आहे, तिला मदतीला कोणीतरी हवंय. आई घरी येऊन म्हणाली, "जा. बाहेरची हवा खा. इथे बसून बसून बुरशी येईल अंगावर."

तू मैदानावर खुणेचे प्लास्टिकचे कोन मांडत होतीस. वर न बघताच विचारलंस, "तुला खेळता येते?"

"नाही."

"गुड. मग तू बघशील. खेळणारे लोक कधी बघत नाहीत."

तुझं मराठी ऐकून मला आधी हसू आलं होतं. ओहायोत वाढलेल्या मुलीचं मराठी, आणि तेही साताऱ्याहून निघालेल्या तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी बरोबर नेलेलं. ब्रेकफास्टला तू न्याहारी म्हणायचीस. "माझी गुडघा गेली" म्हणायचीस. मुली खुदखुदायच्या आणि तू त्यांना खुदखुदू द्यायचीस.

चौदा मुली होत्या. आठ वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या. तुझी शिकवायची एक पद्धत होती, ती मी आधी कुठे पाहिली नव्हती. मुलगी बॉलची वाट बघत उभी असली, की तू तिच्या पाठीमागे जाऊन बोटं वर करायचीस. बॉल पायाशी यायच्या आत तिने मान वळवून, बोटं मोजून, आकडा ओरडायचा. आकडा चुकला की पास कितीही सुंदर असला तरी तू शिट्टी वाजवायचीस. "डिफेंडरचे डोळे पाठीला पाहिजे," म्हणायचीस. आणि आईबापांनी ओरडायचं नाही, हा तुझा दुसरा नियम. एकदा एक काकू मैदानालगतच्या रेडवेच्या, म्हणजे सायकलवाटेच्या, कडेला उभ्या राहून किंचाळल्या, "अगं पळ ना, पळ मेले!" तू लंगडत तिकडे गेलीस आणि म्हणालीस, "काकू, ती पळते आहे. तुम्ही चहा घ्या." काकूंनी थर्मास उघडून खरंच चहा घेतला.

तुझं करिअर तू मला गाडीत सांगितलंस, एका राउंडअबाउटपासून दुसऱ्यापर्यंत एक क्लब असं. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तू मला न्यायचीस आणि सोडायचीस. लहानपणी संघात डाव्या बाजूला उभं राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तू डावा पाय शिकलीस. युनिव्हर्सिटीत पाठीवर मोहिते लिहिलेलं होतं आणि माइकवरचा माणूस मोहाइट, मोहाइट ओरडायचा. बरोबरच्या मुलींनी ते सोपं करून 'मो' केलं. मग व्यावसायिक लीग. तुला दोन मोसम खेळायला मिळाले आणि लीगच बंद पडली. ते तुला एका ईमेलमधून कळलं, दाताच्या डॉक्टरकडे बसलेली असताना. मग आइसलँडमधलं एक बंदराचं गाव. सकाळी मासे पॅक करायचे, संध्याकाळी सराव. तिथे असा वारा, की गोलकीपरने मारलेला बॉल हवेत थांबायचा आणि तिच्याच डोक्यावरून मागे जायचा. मग स्वीडनची दुसरी डिव्हिजन, मग इथला एक क्लब, मग गुडघा, मग टॉम. टॉम, पुढे तुझा नवरा, तुझ्या फिजिओचा भाऊ होता आणि शाळेत भूगोल शिकवायचा. एकतिसाव्या वर्षी तू खेळणं थांबवलंस.

"रिटायर झाले, असं नाही म्हणत मी," तू म्हणालीस. "कोणी केक नाही कापला. फक्त पुढच्या वर्षी फोन नाही आला."

आणि ते अकरा दिवस. ते तू एकदाच सांगितलेस. पुढे मोटरवेवर अपघात झाला होता, गाड्या उभ्या होत्या, आणि तू इंजिन बंद केलं होतंस.

"मला एकदा नॅशनल टीमच्या कॅम्पला बोलावलं होतं. कॅलिफोर्नियाला. त्यांच्या एका डिफेंडरचा घोटा दुखावला, म्हणून. अकरा दिवस. बिबवर नंबर होता, नाव नव्हतं. बाराव्या दिवशी न्याहारीला कोच माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, थँक यू, मो. मी ऑम्लेट खात होते. ते मी पूर्ण खाल्लं, मग बॅग भरली."

"वाईट वाटलं असेल ना खूप?"

"वाईट? ईशा, अकरा दिवस माझ्यासमोर जगातली सगळ्यात फास्ट विंगर होती. रोज ती मला मागे टाकून जायची. रोज. शेवटच्या दिवशी दोनदा नाही गेली." तू दोन बोटं वर केलीस. तुझा चेहरा एखाद्या दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. "दोनदा! पण हे मी कोणाला सांगत नाही. लोकांना लगेच माझ्यासाठी वाईट वाटतं."

मलाही वाटलं. मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, ते मला चांगलं जमतं. पण मला वाईटच वाटलं. त्या दोन वेळांपेक्षा मला ते ऑम्लेट जास्त दिसत राहिलं.

पुढच्या दिवाळीला मंडळाने तुझा सत्कार ठरवला. सेक्रेटरी दामले काकांनी मला फोन केला. "ईशा बेटा, तू तिच्याबरोबर असतेस. परिचय तूच लिही. शाल, श्रीफळ आणि एक पानभर परिचय, जास्त नको." ताई, मला किती आनंद झाला होता ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी कायम इंग्रजी शाळेत शिकले. ठाण्यातही, इथेही. मराठीत मी आईच्या मेसेजना उत्तर देण्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. आणि आता माझं मराठी दोनशे माणसांसमोर कोणीतरी मोठ्याने वाचणार होतं. मी तीन दिवस लिहीत बसले. आईला शब्द विचारले. आणि मी लिहिलं, "अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरासाठी त्यांना अकरा दिवस बोलावण्यात आलं होतं."

तू कोणाला सांगत नाहीस ते मी लिहिलं, ही पहिली चूक. पण निदान ते खरं होतं.

काकांनी वाचून फोन केला. "छान लिहिलंयस गं. फक्त ते शिबिर जरा खटकतं. शिबिर म्हटलं की आमच्या पिढीला सूर्यनमस्कार आठवतात. त्यांच्या टीममध्ये होती ना ती?"

"हो, म्हणजे... त्यांच्यातच होती."

"मग तसं लिही की स्पष्ट! लोकांना कळलं पाहिजे आपण कोणाचा सत्कार करतोय. जरा वजन येऊ दे."

काकांना काही माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हणू शकले असते, काका, ती त्यांच्यासाठी एकही सामना खेळलेली नाही. एवढं एक वाक्य. ते न म्हणण्याचं कारण मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले की मी बुजरी आहे, मोठ्यांपुढे मला बोलता येत नाही. ते पूर्ण खरं नाही. तुझं नाव घेतल्यावर सभागृहाने 'ओहो' म्हणावं, असं मला हवं होतं. मासे पॅक करणाऱ्या आणि बंद पडलेल्या लीगमधल्या मुलीला कोणी 'ओहो' म्हणणार नाही, असं मी धरून चालले होते. मी 'अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

आणि सभागृह 'ओहो' म्हणालं.

तू माझ्या आईची हिरवी साडी नेसली होतीस आणि खाली पांढरे ट्रेनर्स होते, गुडघ्यामुळे. ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा तू समोर बघत होतीस. मग तू मान वळवून पडद्याच्या बाजूला बघितलंस. मी तिथे उभी होते. तू रागावलेली नव्हतीस. तू फक्त खात्री करून घेतलीस.

तू माइकपाशी गेलीस. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने शाल सावरत. "थँक यू. पण ते राष्ट्रीय संघ... ते तसं नाही. मी तेवढी मोठी नाही. मी फक्त..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. टाळ्या सुरू झाल्या. दामले काकांनी माइक घेतला आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "बघा! याला म्हणतात विनय! वाढली अमेरिकेत, पण संस्कार बघा!" आणखी टाळ्या. तू पुन्हा काहीतरी बोलायला गेलीस, तेवढ्यात दोन काकूंनी तुला फोटोसाठी मधे उभं केलं. आपल्या लोकांत सत्काराच्या वेळी माणूस 'मी तेवढी मोठी नाही' असंच म्हणतो. ते खरं असू शकतं, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

परत येताना तू नारळ गाडीत आपल्या दोघींच्या मधे ठेवलास. मग विचारलंस, "या नारळाचं काय करतात?"

"चटणी," मी म्हटलं.

आपण दोघी हसलो. तीच वेळ होती, ताई. त्या हसण्यानंतर लगेच. मला माहीत होतं, आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

सात-आठ महिन्यांनी आपल्या चौदा जणींतल्या सानिकाच्या बाबांनी, सावंतांनी, मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. त्याआधी पंधरा दिवस तू सानिकाला काउंटीच्या, म्हणजे जिल्हा संघाच्या, निवड चाचणीला पाठवायला नकार दिला होतास. "अजून एक वर्ष. ती घाबरते आहे, तुम्हाला दिसत नाही," असं तू त्यांना तोंडावर सांगितलं होतंस. त्यांनी मग शोधाशोध केली. मेसेज असा होता: "अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंमध्ये मोहिते हे नाव कुठेही आढळत नाही. कोणी खुलासा करेल का?"

मी नव्या नोकरीच्या ऑफिसात, कँटीनमध्ये होते. खाली एकेक उत्तर येत गेलं. आजकाल कोणीही काहीही सांगतं. आपल्या मुलींसमोर हाच आदर्श का. एकाने नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते कशासाठी होतं मला अजून कळलेलं नाही. मी टाइप केलं, 'ते मी लिहिलं होतं.' मग पुसलं. पुन्हा टाइप केलं. तेवढ्यात तुझा मेसेज आला. "ते खरं नाही. मी त्यांच्यासाठी एकही मॅच खेळले नाही. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. सॉरी."

तुझ्या मेसेजमध्ये माझं नाव नव्हतं.

दामले काकांचा फोन आला. ते चिडलेले नव्हते, गोंधळलेले होते. "ईशा, मला फक्त एवढं सांग. हे तुला तिनंच सांगितलं होतं ना?"

आणि मी म्हटलं, "मला नीट आठवत नाही, काका."

ताई, परिचयातलं ते वाक्य मी हौसेने लिहिलं होतं. हे दुसरं मी घाबरून बोलले. दोन्हींत हेच जास्त वाईट. माझ्या न आठवण्याचा अर्थ काकांनी आपल्या परीने लावला, आणि त्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, "परिचयातील माहिती संबंधितांकडूनच मिळाली होती. मंडळ दिलगीर आहे."

पुढच्या शनिवारी चौदातल्या पाच मुली आल्या. तू मोजल्या नाहीस. बिब्ज वाटल्या आणि मला म्हणालीस, "ईशा, आज तू पण खेळ, नाहीतर सहा होत नाहीत." मग मी दर शनिवारी खेळत राहिले. मला अजूनही खेळता येत नाही. माझ्या पाठीमागे येऊन तू बोटं दाखवायचीस आणि मी प्रत्येक वेळी चुकीचा आकडा ओरडायचे. त्या पाच जणी हसून लोळायच्या. मला ते हसणं बरं वाटायचं.

त्यावर आपण एकदाच भांडलो. सरळ त्या विषयावर नाही, त्याच्या कडेकडेने. मी म्हटलं होतं, "लोकांना कळायला हवं, तू किती मोठी होतीस ते."

तू म्हणालीस, "मी मोठी नव्हते. मी चांगली होते. त्यात काय कमी आहे?"

"कमी नाही गं. पण इथे नुसतं चांगलं असून भागत नाही."

"कोणाचं भागत नाही? माझं की तुझं?"

राउंडअबाउटवर आपण थांबलो होतो. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तू पुढे निघालीस आणि ते भांडण तिथेच राहिलं. मी त्याचं उत्तर कितीदा तरी मनात दिलंय. सगळ्या उत्तरांत मी तुझ्यावर चिडते, आणि कुठल्याही उत्तरात मी बरोबर नसते. अकरा दिवसांत दोनदा अडवलेली ती विंगर तुला आयुष्यभर पुरली. मला ती पुरली नाही, म्हणून मी तुझ्या नावापुढे एक अख्खा संघ जोडला. तू खोटी ठरलीस ते नंतर. त्याआधी मी तुला अपुरी ठरवलं होतं. तुला लागलं असेल तर ते हेच, असं मला वाटतं.

मग तुझं आजारपण. सात महिने. शेवटी हॉस्पिस, जिथे उपचार थांबवून फक्त वेदना कमी करतात. तिथे मी तीनदा आले आणि तिन्ही वेळा बसमध्ये वाक्य तयार करून आले. पहिल्यांदा तुझी आई तिथे होती, ओहायोहून आलेली. दुसऱ्यांदा त्या पाच मुली होत्या, त्या पलंगाभोवती उभ्या राहून तुला बोटं दाखवत होत्या आणि तू डोळे मिटून आकडे सांगत होतीस. तिसऱ्यांदा कोणी नव्हतं. मी तुझी उशी सारखी केली. खिडकीबाहेर एक माणूस गवत कापत होता, त्याचा आवाज थांबला. तू म्हणालीस, "ईशा, तुला काही बोलायचं आहे का?"

तू ते इतक्या हळू आणि इतकं सरळ विचारलंस.

मी म्हटलं, "पाणी हवंय का तुला?"

तू माझ्याकडे थोडा वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "हो. दे."

तू एक घोट घेतलास. तुला तहान नव्हती. ते पाणी तू माझ्यासाठी प्यायलीस.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी दामले काकांचा मेसेज आला. रविवारी शोकसभा आहे, परिचय तूच लिही, जुना थोडा बदलून घेतला तरी चालेल. मी फोन केला आणि विचारलं, राष्ट्रीय संघाचं काय करायचं.

"राहू दे गं," काका म्हणाले. "गेलेल्या माणसाचं आता कोण तपासत बसतंय? सावंतच म्हणाले, चांगलंच बोला. तिची आई असेल समोर."

म्हणजे ते खोटं आता तुला माफ केल्यासारखं परत देणार होते, आणि तू नको म्हणायला नव्हतीस. आता टाळ्याही नव्हत्या, नारळही नव्हता, तूच नव्हतीस.

मी म्हटलं, "काका, तिने मला ते कधीच सांगितलं नव्हतं. तिने शिबिरच सांगितलं होतं. संघ मी लिहिला. मला सगळं आठवत होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकू काहीतरी विचारत होत्या, काकांनी त्यांना थांबवलं. "म्हणजे मी ग्रुपवर लिहिलं, की तिनंच..."

"हो, काका."

"अगं, मी गेलो होतो तिला भेटायला. हॉस्पिसमध्ये. काकूंनी खीर दिली होती. तिच्या नवऱ्यानं मला दारातूनच परत पाठवलं. मी घरी येऊन काय म्हणालो माहितेय? म्हटलं, चोर तर चोर, वर शिरजोर." ते थांबले. "तेव्हा का नाही बोललीस?"

त्यांनी वाट बघितली, मग म्हणाले, "रविवारी तू स्वतः वाच. दुसरं कोणी वाचणार नाही."

मी वाचलं, ताई. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या रेषांवर खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत तुझी आई आणि टॉम. मागे त्या पाच जणी. सानिका पण आली होती, किती उंच झालीय ती. मी डावा पाय सांगितला, बंद पडलेली लीग सांगितली, आइसलँडचा वारा सांगितला. वाऱ्यापाशी लोक हसले. अकरा दिवस सांगितले आणि शेवटच्या दिवशीच्या त्या दोन वेळा सांगितल्या. तेव्हा तुझी आई म्हणाली, "दोनदा?" अगदी मोठ्याने, जणू हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो आजी, दोनदा."

मग मी सांगितलं की सत्काराच्या परिचयातलं ते वाक्य माझं होतं, आणि मला आठवत नाही असं म्हणाले तेव्हा मला आठवत होतं. मागून कोणीतरी शेजारणीला म्हणालं, "आता सांगून काय उपयोग?" ते मला स्पष्ट ऐकू आलं. सावंत जमिनीकडे बघत होते. मी बसले.

सगळं संपल्यावर टॉम माझ्याकडे आला. तो इंग्रजीत म्हणाला, "ईशा, मला त्यातलं आइसलँड आणि कॅलिफोर्निया एवढंच कळलं. पण तू बोलत असताना सगळे एकदम गप्प झाले. काय सांगितलंस?"

आठवडाभर मी ते मराठीत लिहीत होते. शब्द शोधून, आईकडून तपासून, जरा बरे दिसतील असे करून. इंग्रजी ही माझी रोजची भाषा, मी विचारही तिच्यातच करते. आणि तिच्यात माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. मी म्हटलं, ते मी लिहिलं होतं. तिने खोटं सांगितलं असं सगळ्यांना वाटू दिलं. मी गप्प राहिले. तीन छोटी वाक्यं, आणि ती बोलताना मला पहिल्यांदा कळलं की मी नक्की काय केलंय.

टॉमचे कान लाल झाले होते. मग म्हणाला, "मी तिला कितीदा विचारलं. कोणी लिहिलं ते सांग, मी जाऊन बोलतो. ती म्हणायची, सोड ना, टॉम." त्याने हॉलच्या टोकाला बघितलं. तिथे दामले काका एकटेच खुर्च्या एकात एक रचत होते. "मला वाटलं, त्याने. दोन वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही. तो तिच्या दारात आला होता, हातात डबा घेऊन."

त्याने मला माफ केलं नाही. मी मागितलीही नाही माफी, तिथे ती मागणं बरोबर वाटेना. तो वळला आणि काकांकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. काकांच्या हातात खुर्ची होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच छातीशी धरून ते ऐकत राहिले. मग टॉमने त्यांच्या हातातून ती घेतली, आणि दोघे मिळून खुर्च्या रचायला लागले.

मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण मला वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं, की निदान घरी तू माझं नाव घेतलं असशील. जेवताना कधीतरी म्हणाली असशील, की त्या ईशाने असं केलं माझ्याशी. चिडली असशील, रडली असशील, त्याने तुला समजावलं असेल. त्याच आधारावर मी तुमच्याकडे जेवायला येत होते. टॉमला माहीत आहे आणि तरी तो मला वाढतो, असं समजून मी मान खाली घालून जेवायचे. त्याला काही माहीतच नव्हतं. त्याने विचारलं, पुन्हा विचारलं, आणि तू स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितलं नाहीस.

ती क्षमा होती की काय होतं, हे आता मला कोणाला विचारता येणार नाही. पण मला वाटतं, ताई, ते सांगायचं काम तू माझ्यासाठी ठेवलं होतंस, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तू वाट बघत होतीस.